कसब्यातून खडकवासल्याला, होडीनं

आम्ही कसबा पेठेतली माणसं नदीच्या वरून जातो, नदीच्या खालून जातो, पण नदीतून काही जात नाही. वरून म्हणजे डेंगळे पुलावरून नाहीतर नव्या पुलावरून. हा नवा पूल आता चांगलाच म्हातारा झालाय, पण पुण्यात एकदा नाव पडलं की पडलं! आणि खालून म्हणजे मेट्रोनं. २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली. कसबा पेठ स्टेशनात बसून शिवाजीनगर कोर्टाकडे निघालं की गाडी मुठेच्या तळाखालून जाते.

माझी भाची सुट्टीत आमच्याकडे आली होती, तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिला हे सांगितलं. तिनं डब्याच्या छताकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे आत्ता नदी आपल्या डोक्यावर आहे?"

"हो."

"मग नदीत बोट असती तर ती आपल्या डोक्यावरून गेली असती."

"असती तर, हो."

"मग नाहीये का? खडकवासल्याला चौपाटीवर भजी खायला जाताना बस का घ्यायची? बोटीनं जाऊ की!"

मी मामाच्या आवाजात, म्हणजे जरा जास्तच शहाण्या आवाजात म्हटलं, "अगं, खडकवासला उंचावर आहे. नदी तिकडून उतरत इकडे येते. बोट काय चढ चढते?"

"बस चढते की. सिंहगडाच्या घाटात."

आता बसला चाकं असतात, इंजिन असतं, रस्ता असतो वगैरे मी सांगणार होतो. पण दोस्तांनो, खरं सांगायचं तर चूक माझीच होती. बोटी चढ चढतात. हजार वर्षांपूर्वीपासून चढताहेत. आणि गंमत म्हणजे ज्या यंत्रावर त्या चढतात, त्याला ना इंजिन लागतं, ना पंप, ना वीज. लागतात फक्त दोन दारं.

घरी आल्यावर आम्ही मोरीत बसलो. माझ्याकडे तांबट आळीतून घेतलेलं एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. त्यात तळाशी थोडं पाणी घातलं, त्यावर एक वाटी सोडली आणि नळ सुरू केला. घंगाळ भरत गेलं तशी वाटी वर वर येत गेली. अगदी काठापर्यंत आली.

"वाटी कोणी उचलली?" मी विचारलं.

"कोणीच नाही. पाणी वाढलं."

झालं! अर्धी गोष्ट संपली. वाटीला चढावं लागत नाही. तिच्या पायाखालची जमीनच वर येते. आता घंगाळाऐवजी नदीत एक लांबट, दगडी भिंतींची खोली बांधलीय असं समजा. तिला छत नाही, पण दोन दारं आहेत. एक दार खालच्या नदीकडे, एक वरच्या नदीकडे. खालचं दार उघडायचं, बोट आत घ्यायची, दार लावायचं. मग वरच्या बाजूचं पाणी हळूहळू आत सोडायचं. खोली भरते, बोट वर येते. आतलं पाणी आणि वरच्या नदीचं पाणी एका पातळीत आलं की वरचं दार उघडायचं आणि निघायचं पुढे. उतरताना सगळं उलटं. या खोलीला इंग्रजीत लॉक म्हणतात, पुस्तकी मराठीत जलपाश. मला जलपाश हा शब्द फार भीतिदायक वाटतो, एखाद्या राक्षसाच्या हत्यारासारखा. म्हणून मी आपला लॉकच म्हणतो.

नियम एकच. दोन्ही दारं एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत. का, ते तुम्हीच ठरवा, आणि तेव्हा बोटीत आपण बसलेलो आहोत असं समजून ठरवा.

ही युक्ती सुचली कोणाला? चीनमध्ये, इसवी सन ९८४ मध्ये, च्याओ वेइ-युए नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याला. सुचली ती चोरांमुळे. चीनच्या मोठ्या कालव्यातून सरकारी धान्याच्या बोटी जायच्या. जिथे पाण्याची पातळी बदलायची तिथे मातीचा उतार केलेला असायचा आणि बोट दोरानं ओढून त्यावरून पलीकडे न्यावी लागायची. भरलेली बोट अशी फरफटत नेली की तिचे सांधे उखडायचे, कधी ती मोडायची. आणि त्या धावपळीत धान्य पळवणारे टपलेलेच असायचे. दरवेळी पोती कमी भरतात म्हणून या गृहस्थांनी डोकं चालवलं आणि सुमारे ७५ मीटर अंतरावर दोन दारं बांधून टाकली. बोट पाण्यातून बाहेर काढायचीच नाही, मग चोरणार कधी? शास्त्रज्ञांना शोध लावायला सफरचंद पडावं लागतं म्हणतात, इथे धान्याची पोती पडली.

पण दारं उघडायची कशी? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. समजा दार सव्वादोन मीटर रुंद आहे आणि एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा तीन मीटर उंच आहे. तेवढ्या पाण्याचा दारावरचा दाब किमान दहा टन भरतो. म्हणजे दोन मोठे हत्ती दाराला टेकून उभे आहेत आणि तुम्ही पलीकडून दार ढकलताय!

इथे आम्ही कसब्यातली माणसं उपयोगी पडतो. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिलाय ना? तो अजस्र दरवाजा येताजाता कोणी उघडत नसे. त्यातच एक छोटा दरवाजा आहे, दिंडी. एकेका माणसानं वाकून त्यातून आत जायचं. लॉकच्या दारालाही अशीच एक दिंडी असते, फक्त ती पाण्यासाठी असते. खाली एक झडप. ती हँडल फिरवून उचलली की पाणी आत यायला लागतं. दहाएक मिनिटांत दोन्हीकडची पातळी सारखी होते. आता दोन्ही बाजूंनी सारखेच हत्ती टेकलेत. मग ते मोठं दार, त्याला जोडलेल्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून तुमच्यासारखं एखादं पोरही उघडू शकतं.

दाराचा आकारही पाहण्यासारखा असतो. दोन पाखं पूर्ण सपाट मिटत नाहीत. ती वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, नमस्कार करताना दोन हात जुळतात तशी. पाणी जितकं जोरानं रेटेल तितकी ती एकमेकांना घट्ट बिलगतात. आपण दार पाण्याच्या विरुद्ध बंद ठेवायला धडपडतोय, आणि इथे पाणी स्वतःच आपलं दार लावून धरतंय! अशा दारांचं चित्र लिओनार्दो दा विंचीच्या, त्याच मोनालिसावाल्याच्या, वहीत आहे. इटलीत मिलान शहराच्या कालव्यांवर त्यानं काम केलं होतं, आणि अशा दारांचं श्रेय बहुतेक त्यालाच देतात.

भाचीनं मध्येच विचारलं, "बोटीत हत्ती असेल तर जास्त पाणी सोडावं लागेल ना?"

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. वाटतं तसंच, नाही का? जड बोट उचलायची तर पाणी जास्त लागणार. आम्ही उठून सरळ उभ्या कडांचा पोळ्यांचा डबा आणला. (घंगाळ वर रुंद होतं, त्यात मापाची गडबड होते.) डब्यात थोडं पाणी, त्यावर रिकामी वाटी. पाण्याच्या पातळीवर बाहेरून पेननं खूण केली, दोन पेले पाणी ओतलं, परत खूण केली. मग सगळं रिकामं करून तेवढंच पाणी घेतलं, पण आता वाटीत चार-पाच खडे ठेवले. पुन्हा खूण, पुन्हा दोन पेले, पुन्हा खूण. दोन्ही वेळा पाणी वाढलं ते अगदी सारखंच! वाटी जड असो की हलकी, ती आत आली तेव्हाच तिनं आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारलं. नंतर ओतलेलं पाणी फक्त डब्याची जागा भरतं. म्हणजे हत्ती बसवा नाहीतर मुंगी, लॉक भरायला पाणी तेवढंच लागतं. मला स्वतःला हे त्या मोरीत पहिल्यांदा नीट कळलं, आणि माझं वय मी तुम्हाला सांगणार नाही.

याच गोष्टीवर स्कॉटलंडमध्ये फॉलकर्क नावाच्या गावी २००२ साली एक भलंमोठं चाक बांधलं. जत्रेतल्या पाळण्यासारखं, पण पाळणे दोनच. एक वर, एक खाली, दोन्ही पाण्यानं काठोकाठ भरलेले. एकात बोट शिरली की तिच्या वजनाइतकं पाणी बाहेर जातं, म्हणून बोट असलेला पाळणा आणि नुसत्या पाण्याचा पाळणा यांचं वजन एकच. तराजू कायमचा समतोल. म्हणून ते चाक बोटीला २४ मीटर उचलतं आणि त्याला वीज लागते जेमतेम दीड युनिट. तुमच्या घरचा गिझर पाऊण तासात तेवढी खातो.

आता मुद्द्याचं. आपली सहल.

खडकवासल्याचं धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटरवर असतं. कसब्याच्या मागची मुठा त्याहून चाळीसेक मीटर खाली आहे असं गणितापुरतं धरू. म्हणजे तेरा-चौदा मजली इमारत. एका लॉकमध्ये तीन मीटर चढायचं म्हटलं तर चौदा लॉक बांधावे लागतील.

निघालो! कुंभारवाड्याच्या मागून बोट सुटली. डावीकडे शनिवारवाडा, मग ओंकारेश्वर. पुढे भिडे पूल, आणि इथे पहिली आपत्ती. हा पूल इतका बुटका आहे की जरा पाऊस झाला की पाण्याखाली जातो. "भिडे पूल बुडाला का?" हेच आमचं पर्जन्यमापक यंत्र. त्याच्याखालून बोट जायची तर सगळ्यांनी बोटीत आडवं पडावं लागेल. मग लकडी पूल, म्हात्रे पूल, राजाराम पूल, विठ्ठलवाडीचं देऊळ. मध्ये मध्ये लॉक. बोट आत, दार बंद, हँडल कटकटकट, पाण्याचा घुं आवाज, भिंतीवरचं ओलं शेवाळ आपल्या नाकासमोरून हळूहळू खाली जातंय. काठावर पाहणारे पुणेकर सल्ले देतायत, हे वेगळं सांगायला नकोच.

किती वेळ लागेल? इंग्लंडमध्ये अरुंद कालव्यांवर लोक अशा सहली काढतात. एकेकाळी तिथल्या बोटी कोळसा वाहायच्या आणि काठावरून चालणारा घोडा त्या ओढायचा. आता लोक त्यात चहा पीत बसतात. वेग? ताशी सहा-साडेसहा किलोमीटर, त्याहून जास्त जाऊ देत नाहीत, कारण लाटांनी काठ खचतो. काठावरून भराभर चालणारी आजी तुमच्या पुढे जाऊ शकते. तिथे डिव्हायझिस गावाजवळ एका टेकडीवर २९ लॉक आहेत, त्यातले १६ तर एकाला एक लागून, जिन्यासारखे. एकूण चढ ७२ मीटर, आणि तो चढायला पाच-सहा तास लागतात. आपण पर्वतीच्या पायऱ्या दहा मिनिटांत चढतो, हो ना?

आपण नवखे, म्हणून जरा सैल हिशेब धरला तर चौदा लॉकचे वीस-वीस मिनिटांनी पावणेपाच तास, आणि नदीतलं अंतर कापायला आणखी तीनेक तास. सकाळी आठला निघालो तर भज्यांच्या गाडीपाशी संध्याकाळी चारच्या सुमारास. "चालेल," भाची म्हणाली. "डबा घेऊन जाऊ."

डब्याचं जमेल, पण पाण्याचं? एक छोटा लॉक धरा: २२ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद, तीन मीटर चढ. गुणाकार करा. जवळजवळ दीड लाख लिटर येतात. आमच्या गल्लीत येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर घेतला, तर पंधरा टँकर! वरच्या लॉकमधून सोडलेलं पाणी खालच्या लॉकला पुन्हा कामाला येतं, म्हणून चौदापट लागत नाही. पण प्रत्येक बोटीमागे धरणातून एक लॉकभर पाणी खाली येणार ते येणारच. पनामाच्या कालव्यात हेच प्रचंड प्रमाणात चालतं. १५ ऑगस्ट १९१४ ला तो सुरू झाला. एका महासागरातून दुसऱ्याकडे जाताना जहाजं मधल्या तळ्यात २६ मीटर चढतात आणि पलीकडे उतरतात. जुन्या लॉकमधून एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. ते तळं पावसावर भरतं. २०२३ मध्ये तिथे पाऊस कमी झाला, तेव्हा रोज सोडायच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली आणि समुद्रात जहाजांची रांग लागली. रांग कशाची, तर पाण्याची! आपल्याला काय हे नवं आहे?

मुठेचं दुखणं आणखी निराळं. पावसाळ्यात धरणातून दहा हजार क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला दहा हजार घनफूट पाण्याचा, विसर्ग सोडला अशी बातमी येते ना? तेवढ्या पाण्यानं आपला लॉक अर्ध्या सेकंदात भरेल, आणि बोट, आपण, डबा, सगळे थेट मुळा-मुठेच्या संगमावर. उन्हाळ्यात उलट, तळाला टाचभर पाणी आणि वर जलपर्णी. लॉकला असली लहरी नदी चालत नाही. त्याला रोज सारखं, शांत पाणी लागतं. त्यासाठी जागोजागी बंधारे घालावे लागतात आणि नदीची तळ्यांची माळ होते. आज मुठेत जे पाणी वाहतं, त्याची तळी करून त्याशेजारी बसून चहा प्यायची माझी तरी तयारी नाही. आधी नदी धुतली पाहिजे, लॉक नंतर.

"मग कालव्यातून जाऊ," भाची म्हणाली. ही हार मानणाऱ्यांतली नव्हे. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यानं, स्वारगेटवरून, हडपसरकडे आणि पार इंदापूरपर्यंत जातो. तो आणि नदी एकाच धरणातून निघतात, पण नदी भराभर उतरते आणि कालवा डोंगराच्या कडेकडेनं इतक्या मंद उतारानं जातो की पर्वतीपाशी तो नदीच्या कितीतरी वर असतो. हुशार आहे तो. पण तो शेताला आणि नळाला पाणी नेण्यासाठी बांधलाय, बोटींसाठी नाही. काठ गुळगुळीत, ओढ जोराची. त्याच्या जवळ खेळायला अजिबात जायचं नाही, हे मामा म्हणून सांगतोय.

मग महाराष्ट्रात खरा लॉक नाहीच की काय? आहे! आणि तो मुंबईत आहे. मुंबई बंदरात भरती-ओहोटीनं समुद्र काही मीटर वरखाली होतो. ओहोटीला जहाज चिखलात टेकलं तर माल कसा उतरवणार? म्हणून तिथे गोदीतलं पाणी दारांनी अडवून ठेवतात. १८८० ची प्रिन्सेस डॉक आणि १८८८ ची व्हिक्टोरिया डॉक, यांची दारं भरतीच्या वेळीच उघडता यायची. जहाजानं भरतीची वाट बघत बाहेर थांबायचं. मग १९१४ मध्ये, म्हणजे पनामाच्याच वर्षी, अलेक्झांड्रा डॉक झाली. आज तिला इंदिरा डॉक म्हणतात. तिच्या तोंडाशी एक खराखुरा लॉक आहे: २२८ मीटर लांब, तीस मीटर रुंद. भरती असो की ओहोटी, जहाज आत येऊ शकतं. आपला डबा आणि वाटी, फक्त डब्यात आख्खं जहाज.

आणि नाशिककरांनो, तुमची गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, पण तिच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम इथे, आर्थर कॉटन नावाच्या इंजिनियरनं १८५२ मध्ये मोठा बंधारा पुरा केला. तिथल्या कालव्यांना लॉक होते आणि त्यातून भाताच्या होड्या जात. गोदेनं ते करून दाखवलंय, मुठेनं मनावर घेतलेलं नाही इतकंच.

तरी पुण्यात बोट अगदीच नाही असं नाही. संगमापाशी सीओईपीचा, म्हणजे इथल्या जुन्या इंजिनियरिंग कॉलेजचा, बोट क्लब आहे, १९२८ पासूनचा. मोठी मुलं तिथे लांब, निमुळत्या नावा वल्हवतात आणि दरवर्षी संध्याकाळच्या वेळी त्यांचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा जलसा, होतो. खाली बंडगार्डनपाशी जुना बंधारा आहे, त्याच्यामागे पाणी साठून राहतं. 'बंड' हा शब्दही आपल्या 'बांध'च्याच कुळातला, इंग्रजांच्या तोंडातून फिरून परत आलेला. आम्ही रेगाटा बघायला गेलो, काठावरून. भाची पूर्ण वेळ एकच म्हणत होती, "इथून फक्त चौदा लॉक."

जाताना तिनं माझ्यासाठी एक कोडं ठेवलं, ते तुम्हाला देतो. लॉकची दोन्ही दारं बंद आहेत. आत बोट तरंगतेय, बोटीत एक मोठा दगड आहे. तो उचलून तुम्ही लॉकमधल्याच पाण्यात टाकलात आणि तो बुडाला. भिंतीवरची पाण्याची खूण वर जाईल, खाली जाईल, की तिथेच राहील? आधी अंदाज कागदावर लिहा. मग डबा, वाटी आणि खडे घ्या. आणि हो, मोरीतच करा, नाहीतर आई माझ्या नावानं ओरडेल.